दर सांगण्याचं बळ दे

विठ्ठला, सासूबाईंना दुपारचं औषध दिलं, त्यांचा डोळा लागलाय. चार वाजेपर्यंतचा वेळ माझा. कामाला बसण्याआधी तुझ्याशी बोलते.

म्हणतात, जनाबाई दळताना गायची आणि तिचे अभंग तू लिहून घ्यायचास. म्हणजे लिहिताना मान कशी अवघडते, हे तुला ठाऊक आहे. म्हणून तुझ्याकडेच आले.

काल एका औषधाची माहितीपत्रिका आली. मशीनने केलेलं भाषांतर, ‘नुसतं तपासून द्या’, म्हणून दर निम्मा. पहिल्याच ओळीत होतं, ‘गोळी रिकाम्या पोटाची घ्या’. मी ‘उपाशीपोटी घ्या’ केलं. सासूबाईंसारखंच कुणीतरी ती पत्रिका डोळ्यांजवळ धरून वाचेल, हे मनातून जाईना. जवळजवळ सगळी पत्रिका नव्याने लिहिली. शब्दाला ३० पैसे मिळतील, तेही टीडीएस कापून.

दिवाळी अंकाच्या लेखाचे पैसे तर अजून आलेच नाहीत. जाहिरातींचे पैसे जमले की देतो, असं संपादक म्हणाले होते. कागदवाला थांबत नाही, छापखाना थांबत नाही, थांबतो तो लेखक. देवा, त्यांच्यावर माझा राग नाही. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा टिकावी असंच मला वाटतं. पण हक्काच्या पैशांसाठी फोन लावताना उसने मागायला निघाल्यासारखी जीभ जड होते. मानधनातला मान त्या वेळी कुठे जातो रे?

सासूबाईंना सोडून नऊ ते सहाची नोकरी मला जमणार नाही. घरी बसून करते म्हणून माझ्या कामाची किंमत कुणी कमी धरू नये, एवढंच मागते. काम घेण्याआधी दर सांगण्याचं बळ दे. न परवडणारं काम मी नाकारलं, की ते माझ्याहून नडलेल्या कुणाकडे जाईल. तिलाही तेच बळ दे, माझ्याआधी दे.

उद्यम नोंदणी केली आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने आमच्यासारख्यांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायला हवेत. आजच्या बिलाखाली तसं पहिल्यांदाच लिहिलंय. तीनदा खोडलं, पुन्हा लिहिलं. आता पाठवते. माझ्या मागे उभा राहा.