न दिलेला दगड

हलशीला जायचं कितीतरी वर्षं राहून गेलं होतं. बेळगावहून खानापूर, पुढं नंदगड. अंतर काही फार नाही, पण जवळचं तेच राहून जातं. दिवाळीनंतर एका रविवारी निघालो. गाडी अलीकडेच रस्त्याकडेला लावली आणि पिवळ्या पडलेल्या भाताच्या कडेकडेनं चालत गावात शिरलो.

हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. एकोणिसाव्या शतकात इथं मातीतून ताम्रपट निघाले, फ्लीटसाहेबानं ते वाचून छापले. पाचव्या शतकात मृगेशवर्मा राजानं वडिलांच्या स्मरणार्थ इथं जिनालय बांधलं, पुढं रविवर्म्यानं कार्तिकात जिनेंद्राच्या आठ दिवसांच्या उत्सवाची आणि पावसाळ्याचे चार महिने मुनींच्या आहाराची सोय लावून दिली, हे त्या पत्र्यांवरून कळतं. आमच्या घरी कार्तिकातली अष्टाह्निका अजून पाळतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आधी भूवराह-नरसिंहाचं देऊळ पाहिलं. समोरासमोर दोन गाभारे, मधे मंडप. पृथ्वीला उचलून धरलेल्या वराहापुढं मी बराच वेळ उभी होते. देऊळ नांदतं आहे. मग बस्तीकडे गेलो. छोटी, पडझडीची, भोवती गवत. जीव कळवळला.

त्या गवतात तळहाताएवढा दगड दिसला, त्यावर कमळाच्या दीड पाकळ्या कोरलेल्या. कुणाच्या पायाखाली जाण्यापेक्षा आपल्याकडे राहील, असं म्हणत पिशवीत टाकला.

हे हसले. "अगं, दगड म्हणजे मातीच की. पाणी आणि माती न विचारता चालते ना आपल्या शास्त्रात?"

चेष्टाच होती, पण मला लागली. अचौर्याणुव्रतात पडलेली, विसरलेली वस्तूसुद्धा न दिलेलीच धरतात. सवलत फक्त पाणी-मातीची. पण ज्या मातीवर कुणी दिवस दिवस छिन्नी चालवली, ती माती राहते का?

तसं बघितलं तर ते ताम्रपट तरी कुणी उचललेच नसते तर? मृगेशवर्म्याचं जिनालय आपल्याला कुठून कळणार! म्हणजे उचलणं तेवढं वाईट असंही नाही. पण ते वाचून सगळ्यांपुढं ठेवले गेले. माझा दगड आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये बसणार होता. आणि खरं सांगायचं तर वाचवण्यापेक्षा 'आपलं' हा शब्दच मनात मोठा होता. वराहाच्या देवळाबाहेर असा तुकडा पडलेला असता तर मी वाकून बघितलंही नसतं. परिग्रहच की हा, फक्त धर्माच्या नावावर मांडलेला.

तेवढ्यात म्हशी घेऊन एक आजी आल्या. "काय गावलं ओ ताई?"

मी पिशवीतून काढून दाखवला.

"दगूड व्हय? न्या की. आमच्या गोठ्याच्या दारात बी एक हाय."

झालं, आता तर दिलेलाच झाला! पण द्यायला तो आजींचा होता का? मग कुणाचा, सरकारचा? वडिलांसाठी जिनालय बांधणाऱ्या राजाचा? की ज्याचं नाव कुठल्याच पत्र्यावर नाही त्या पाथरवटाचा?

दगड होता तिथं, भिंतीच्या थोडा आत सरकवून ठेवला.

"का ओ, नको?" आजींनी विचारलं. मला सांगता येईना. त्यांच्या दारातच विहीर होती. बाटलीत पाणी भरून घेतलं, तेही विचारून.