बुधवारचा विचार : पुसलं तं थांबत नाही

बुधवार हा आपल्या पांडुरंगाचा वार. पंढरीस गेलेला वारकरी बुधवारी पंढरी सोडीत नाही, ही आपली जुनी चाल. म्हणून मीही बुधवारी शक्यतो प्रवास ठेवीत नाही. ज्या गावी असेन तेथेच राहावे, चार घरी जावे, चहा घ्यावा, लोकांचे ऐकावे. एरवी आम्ही कीर्तनकार बोलतच असतो; ऐकण्याचा तेवढाच एक दिवस.

अशाच एका बुधवारी दर्यापूरच्या बाजूस, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील एका गावी होतो. सप्ताह चालू होता. दिवस कापूस वेचणीचे. एका घरी म्हातारी माउली नुकतीच वावरातून आली होती. देवघरात तांबड्या फडक्यात ज्ञानेश्वरी बांधलेली. अनेक वर्षांपूर्वी वारीत पंढरपुरी घेतलेली. पण माउलीला अक्षरओळख नाही. रोज फूल वाहायचे, डोके टेकायचे आणि पुन्हा बांधून ठेवायची. नातू चौथीत. पिवळ्या मोटारीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो. ती म्हणाली, "बाबू, महाराज आले हायेत, चार ओव्या वाच." पोराने पोथी उघडली, दोन शब्दांवर अडखळला, मिटली आणि म्हणाला, "आजी, मोबाईलवर लाव नं. थो चांगला वाचते."

त्यावर ती माउली जे बोलली ते मी अजून विसरलो नाही. "थो वाचते रे बाबू. पन म्या काई पुसलं तं थो थांबत नाई."

आता मंडळी, तुम्ही म्हणाल, महाराज आता टीव्हीला आणि मोबाईलला शिव्या देणार. नाही देणार. माझे हात त्यात बरबटलेले आहेत. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 1972 साली सुरू झाले, पण आमच्या वऱ्हाडातल्या खेड्यांना त्या पेटीचे खरे दर्शन घडले ते 1987 च्या जानेवारीत रामायण सुरू झाले तेव्हा. गावात पेटी एक, आणि रविवारी सकाळी तिच्यासमोर गाव सगळे. बायका तिला हार घालीत, नारळ फोडीत. त्या साली आमच्या सप्ताहात रविवारच्या सकाळचा कार्यक्रम तासभर पुढे ढकलला. कोणी ढकलला? मीच. श्रोते येणार नाहीत हे एक कारण सांगितले. खरे कारण, मलाही पाहायचे होते. पुढे 2020 साली टाळेबंदीत तेच रामायण पुन्हा दाखविले, तेव्हाही पाहिले. त्या वर्षी कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेच्या पादुका पायी न जाता मोटारीने पंढरीस गेल्या. आपण घरी बसून तेवढे पाहू शकलो ते त्या काचेमुळेच. पोरांची शाळाही त्याच काचेत भरली. तेव्हा उपकार आहेत, ते नाकारू नयेत.

पण माउलीचा बोल काही वेगळाच आहे. ती असे म्हणत नाही की मोबाईल वाईट वाचतो. तो तिच्या नातवापेक्षा किती तरी शुद्ध वाचतो. तिचे गाऱ्हाणे एवढेच, की तिला विचारायचे आहे, आणि तो थांबत नाही.

यावर मला दोन आंधळे आठवले. एक हस्तिनापूरचा आणि दुसरा आमच्या अमरावती जिल्ह्यातला.

धृतराष्ट्राला घरबसल्या युद्धाची बातमी मिळावी म्हणून संजयाला दिव्यदृष्टी मिळाली. आम्ही कीर्तनकार हसविण्यासाठी सांगतो, की ते पहिले दूरदर्शन. लोक हसतात, टाळी पडते. पण पुढचे आम्ही सांगत नाही. सातशे श्लोकांच्या गीतेत धृतराष्ट्राचा श्लोक एकच, तोही पहिला. आणि त्यात विचारणे एवढेच, की माझ्या आणि पांडूच्या मुलांनी काय केले. म्हणजे आजच्या भाषेत, स्कोर काय झाला? त्यानंतर अठरा अध्याय भगवंताची वाणी त्याच्या कानावरून गेली, पण त्याने मध्ये एकदाही 'थांब, संजया, हे काय म्हटले?' असे विचारले नाही. तिकडे अर्जुन पाहा. पुन्हा पुन्हा अडवतो, शंका काढतो, 'तुमच्या बोलण्याने माझा घोटाळा होतो' असे देवालाच तोंडावर सांगतो. वाणी तीच. एकाला ती उपदेश झाली, दुसऱ्याला नुसता वृत्तान्त.

दुसरे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. 1881 साली लोणी टाकळीस जन्म. वर्षाचेही झाले नव्हते तोच दृष्टी गेली. माधानसारख्या खेड्यात वाढले. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य, आणि त्यात शंभरावर ग्रंथ, डार्विन-स्पेन्सरसारख्या पाश्चात्त्यांच्या मतांवरही टीका. हे कसे घडले? दुसऱ्याकडून वाचवून घेतले. अलौकिक कृपा होतीच, ती मी मानतो; पण तिच्या जोडीला शेजारी बसून वाचणारे माणूसही होते, हे आपण चरित्र सांगताना घाईत सोडून देतो. चमत्कार सांगायला सोपा. जवळ बसून वाचून दाखविणाऱ्याची गोष्ट कीर्तनात रंगत नाही.

आणि गाडगेबाबा! शेंडगावचे, मूर्तिजापूरजवळ दापुऱ्यात मामाकडे वाढलेले, स्वतः शाळेची पायरी न चढलेले. पण जन्मभर सांगत गेले, की उपाशी राहा, भांडी विका, पण पोराला शाळेत घाला. त्यांचे कीर्तन म्हणजे निव्वळ प्रश्न. त्यांनी विचारायचे, हजारोंनी उत्तर द्यायचे. 1956 साली ते गेले. त्यांचे अखेरच्या दिवसांतले एक कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, ते आज कोणीही मोबाईलवर ऐकू शकतो. ऐका, जरूर ऐका. त्यात बाबा विचारतात आणि समोरचा समाज उत्तर देतो. आपण घरी आडवे पडून ऐकतो, आपण उत्तर देतो का हो?

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तेथे 2022 च्या ऑगस्टपासून सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे. टाळेबंदीत पोरांचे डोळे काचेला चिकटले ते सुटेनात, म्हणून गावानेच हे ठरविले. मला हे फार आवडले. पण भोंग्याने पेटी गप्प होते, पोराजवळ माणूस येऊन बसत नाही. त्याला घरच्यांनी उठावे लागते. आपल्या गावांत हरिपाठाची वेळ तीच. चाळीस-चाळीस टाळ आहेत, पखवाज आहे, सभामंडपात लख्ख दिवे आहेत. हरिपाठाआधी अर्धा तास त्याच उजेडात गावच्या शाळेची पोरे पोथी घेऊन बसली, आणि वीणेकऱ्याशेजारी आजीबाई बसून 'हे काय रे?' म्हणून पुसू लागली, तर पावली काही चुकणार नाही. पोरगे इंग्रजी शाळेत जाते याचे मला दुःख नाही, जाऊ द्या. आजीची भाषा त्याला परकी होते, याचे आहे.

त्या दिवशी निघताना मी नातवाला एवढेच म्हटले, "मोबाईल वाचेल तो वाचू दे. तू रोज पाच ओव्या वाच, आणि आजी थांब म्हणेल तिथं थांब."

दोन महिन्यांनी पुन्हा त्या गावी गेलो. पहिल्या अध्यायाच्या ओव्या पावणेतीनशेच्या घरात. रोज पाच, म्हणजे संपत आला असेल अशी माझी समजूत. विचारले, तर अजून चाळिशीही गाठली नव्हती! म्हातारी पावलोपावली अडवते. पोरगा आता बरा वाचतो, ळ मात्र अजून नीट येत नाही. मला पाहताच तिने पोथी पुढे केली. "महाराज, बरं झालं आले. या शब्दापाशी आमी चार दिस झाले अडलो."

शब्द मी पाहिला. ती ओवी चाळीस वर्षे मला पाठ आहे, शेकडो कीर्तनांत म्हटली आहे. पण त्या शब्दाचा अर्थ मला कोणी कधी विचारला नव्हता, आणि मीही कोणाला पुसला नव्हता. "उद्या सांगतो, माय," म्हटले, आणि त्या रात्री मुक्कामी टीका उघडून बसलो.