दोषाभाव आणि गुण

परवा एका बहुश्रुत गृहस्थांनी, जपानचा प्रवास करून आल्याचा अधिकार पुढे करून, असा निर्वाळा दिला की ज्या साकेचा तांदूळ निदान निम्मा घासून टाकलेला नाही ती पिण्यात काही हशील नाही, आणि जी तापवून पितात ती तर केवळ दोष झाकण्यासाठी. बैठकीत कोणी हरकत घेतली नाही. मला मात्र ते विधान सलत राहिले.

साके तांदळाची, हे सर्वश्रुत आहे. कोजी नावाची बुरशी वाफवलेल्या तांदळातील पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचे मद्य करते, हेही जिज्ञासूंना ठाऊक असते. वादाचा मुद्दा घासण्याचा आहे. जेवणातल्या पांढऱ्या तांदळाचा सुमारे एक दशांश भाग गिरणीत जातो. साकेसाठी मात्र, विशेषतः १९३६ साली नाव मिळालेल्या ह्योगोच्या यामादा निशिकी या वाणात, बाहेरची प्रथिने आणि स्निग्धांश काढीत काढीत आतल्या दुधी गर्भापर्यंत पोचायचे असते. दाणा साठ टक्के किंवा त्याहून कमी उरला तर गिंजो, पन्नास किंवा त्याहून कमी उरला तर दाइगिंजो, असा कायद्याचा शिरस्ता आहे, आणि आमच्या गृहस्थांनी तोच रसिकतेची सनद मानला.

वस्तुतः सरकारी दर्जाशी रसवत्तेचे नाते जपानातही नेहमी सरळ राहिलेले नाही. १९९२ साली पुरत्या रद्द झालेल्या जुन्या पद्धतीत विशेष, प्रथम आणि द्वितीय असे दर्जे होते. परीक्षकांपुढे न ठेवलेली साके आपोआप द्वितीय ठरे आणि वरच्या दर्जांवर कर जबर असे. सबब काही कसबी कारखानदार आपला उत्तम माल मुद्दाम परीक्षेला न पाठवता द्वितीय म्हणूनच विकीत.

माझे म्हणणे असे की दोषाभाव निराळा आणि गुण निराळा. संस्कृत काव्यशास्त्रात मम्मटाने काव्याच्या व्याख्येत दोषराहित्याला अग्रस्थान दिले, तेव्हा विश्वनाथाने साहित्यदर्पणात आक्षेप घेतला की या न्यायाने काव्य क्वचितच सापडेल. किड्याने पोखरलेले रत्न रत्नपणाला मुकत नाही, तसेच काव्याचे. या मामल्यात मी आजवर विश्वनाथाच्या पक्षाचा. म्हणून यामाहाई पद्धतीची साके, जिच्यात बाहेरून लॅक्टिक आम्ल न घालता ते जीवाणूंना सावकाश तयार करू दिले जाते आणि जिला त्यामुळे एक आंबूस, रानवट धार येते, मला निर्दोष साकेहून प्रिय.

परंतु हिरोशिमाचा दाखला या पक्षाला अडचणीत आणतो. नाडा या साकेच्या जुन्या परगण्याचे मियामिझु पाणी खनिजांनी संपन्न, त्यात यीस्ट जोमाने वाढे. हिरोशिमाचे पाणी मृदू, त्यात आंबवण रखडे. तेथील साके-कारखानदार मिउरा सेन्झाबुरो यांनी खनिजांच्या त्या दारिद्र्यालाच कामाला लावले, कमी तापमानात सावकाश आंबवण्याची रीत बसवून १८९८ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि १९०७ च्या राष्ट्रीय स्पर्धेत हिरोशिमाच्या साकेने अव्वल स्थान मिळवले. गिंजोचा परिमळ याच वाटेने आला. घासलेल्या तांदळात यीस्टचे पोषण तुटपुंजे. सुमारे दहा अंशांच्या थंडीत महिनाभर ते अर्धपोटी राबते, आणि परिमळाला मारक ठरणारा स्निग्धांश निघून गेलेला असल्यामुळे सफरचंदाचा, केळ्याचा असा गंध उमलतो, जो ना तांदळात होता ना पाण्यात. येथे दोष काढल्याने गुण जन्मला, हे मला नाकारता येत नाही. मम्मटाला थोडे झुकते माप द्यावेच लागते.

एवढ्याने गृहस्थांचा पक्ष मात्र सिद्ध होत नाही, कारण हा गुण घासण्याच्या प्रमाणात वाढत नाही. तो थंडीचा, वेळेचा आणि कोजी राखणाऱ्या हातांचाही असतो. दाण्याचा एकच टक्का शिल्लक ठेवणारे कारखाने आता निघाले आहेत. त्यांच्या यंत्रांविषयी मला आदर वाटतो, त्यांच्या साकेची तहान लागत नाही. शिवाय ज्या प्रथिनांना गिंजोवाले दोष म्हणतात, त्यांचीच पिंपात अमिनो आम्ले होतात, आणि ऐंशी टक्के दाणा राखून केलेल्या साध्या जुन्माईला, म्हणजे वरून मद्यार्क न घातलेल्या साकेला, अंगाची भरीव चव देतात. अशी साके पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवली की तिची आंबट धार मऊ होते, आणि ती तेलकट, भाजलेल्या मासळीपुढे टिकून राहते. दाइगिंजोचा नाजूक परिमळ तेथे दुसऱ्याच घासाला नाहीसा होतो.