भाडोत्री सैन्याचा पगार कोण देतो?

मे २०१७ मध्ये एरिक प्रिन्स यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लेख लिहून अफगाणिस्तानचे युद्ध खासगी हातांत सोपवावे, असा प्रस्ताव मांडला. प्रिन्स हे अमेरिकी नौदलाचे माजी कमांडो आणि ‘ब्लॅकवॉटर’ या खासगी सुरक्षा कंपनीचे संस्थापक. मोटारींचे सुटे भाग बनवणारा त्यांच्या वडिलांचा उद्योग १९९६ साली १३५ कोटी डॉलरना विकला गेला आणि पाठोपाठ ‘ब्लॅकवॉटर’ उभी राहिली. म्हणजे श्रीमंत माणसाने खासगी फौज उभारणे हे त्यांच्यासाठी केवळ कल्पनेतले नव्हते. आपल्या प्रस्तावासाठी त्यांनी आदर्श म्हणून नाव घेतले ते ईस्ट इंडिया कंपनीचे.

हा दाखला मराठी वाचकाने मुकाट्याने मान्य करण्यासारखा नाही. १८०३ पर्यंत कंपनीच्या पदरी सुमारे दोन लाखांची फौज होती, हे खरे. पण या फौजेचा पगार व्यापाराच्या नफ्यातून निघत नव्हता. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी हाती आल्यावर तिथल्या रयतेचा शेतसारा कंपनीच्या तिजोरीत येऊ लागला आणि त्यावर शिपाई पोसले गेले. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसे अन्नावाचून मरत असतानाही सारावसुली थांबली नाही. एवढे करूनही कंपनी बुडायला आली आणि १७७३ साली ब्रिटिश सरकारला तिला १४ लाख पौंडांचे कर्ज द्यावे लागले. ज्या कंपनीकडे सनद होती, कर गोळा करण्याचा हक्क होता आणि पाठीशी पार्लमेंट होते, तिला खासगी म्हणणे ही इतिहासाची मोडतोड आहे.

तरीही श्रीमंताला स्वतःचे सैन्य परवडेल, हा हिशोब पुन्हा पुन्हा मांडला जातो. २०२५-२६ सालची भारताची संरक्षण तरतूद ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची होती. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाची संपत्ती ४० हजार कोटी डॉलरच्या पुढे गेलेली आहे, म्हणजे या तरतुदीच्या चौपटीहून जास्त. मग त्याला सैन्य का परवडू नये? एक तर ही संपत्ती शेअरच्या रूपात असते. पगारासाठी दरवर्षी ते विकायला काढले की भाव कोसळतो. शिवाय भारताच्या त्या तरतुदीतले जवळपास १ लाख ६१ हजार कोटी रुपये निवृत्तिवेतनाचे होते. चाळीस वर्षांपूर्वी सीमेवर उभा राहिलेला जवान आणि त्याच्या माघारी त्याची पत्नी, यांना सरकार आजही पैसे पाठवते. या भरवशावर माणूस खंदकात उतरतो. कुठलाही अब्जाधीश असा शब्द देऊ शकत नाही, कारण त्याची कंपनी पुढच्या वर्षी असेल की नाही हे त्यालाच माहीत नसते.

या बाबतीत कौटिल्याइतका सावध विचार फार थोड्यांनी केला आहे. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली ‘अर्थशास्त्रा’ची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी चाळली असेल, त्यांना नवव्या अधिकरणातली सैन्याची प्रतवारी आठवेल: मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र, आटविक. वंशपरंपरेने राज्याशी बांधलेले मौल बल पहिले, पगारी भृत बल दुसरे, आणि संघांच्या पदरचे श्रेणीबल तिसरे. आधीचे नंतरच्यापेक्षा श्रेष्ठ. कौटिल्य पगारी शिपायाला तुच्छ लेखत नाही. तो जवळ असतो, लवकर उठतो, ऐकतो, म्हणून त्याला श्रेणीच्या वर बसवतो. त्याला प्रश्न पडतो तो इतकाच की या शिपायाचे हित कुणाच्या हितात गुंतले आहे. मॅकियाव्हेलीने भाडोत्री सैन्य सरसकट निरुपयोगी ठरवले, त्यापेक्षा हे कितीतरी नेमके आहे.

आपला इतिहास कौटिल्याच्या बाजूने साक्ष देतो. पानिपतावर इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत लढला आणि मारला गेला. बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गारद्यांनीच, म्हणजे पगारी शिपायांनीच, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याला कापून काढले. पेशा तोच, पण थकलेला पगार आणि घरातली भाऊबंदकी मध्ये आली. पुढे १८०३ मध्ये कंपनीने शिंद्यांच्या पलटणींतल्या युरोपीय अधिकाऱ्यांना नोकरीचे आमिष दाखवले तेव्हा कित्येक जण सोडून गेले. खुद्द सेनापती पेराँ गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात असईच्या मैदानावर शिंद्यांचे गोलंदाज मात्र तोफांना चिकटून राहिले आणि तिथेच पडले.

येव्गेनी प्रिगोझिन यांची ‘वॅग्नर’ ही रशियातली खासगी फौज हा याचाच ताजा दाखला. जून २०२३ मधल्या बंडानंतर पुतिन यांनी स्वतः सांगितले की मे २०२२ ते मे २०२३ या काळात सरकारी तिजोरीतून ‘वॅग्नर’च्या माणसांवर ८,६०० कोटींहून अधिक रूबल खर्च झाले. मालक खासगी दिसत होता, पगार सरकारचा होता. बंडानंतर दोन महिन्यांत प्रिगोझिन विमान कोसळून मेले.

इथे लेख संपवता आला असता: अब्जाधीशाला सैन्य परवडत नाही, भीती अनाठायी आहे. पण प्रश्न परवडण्याचा आहे तसाच वापराचाही आहे आणि तिथे हे समाधान टिकत नाही. १८९२ च्या जुलैत अँड्र्यू कार्नेगींच्या होमस्टेड पोलाद कारखान्यातला संप मोडायला व्यवस्थापक फ्रिक यांनी ‘पिंकर्टन’ या खासगी संस्थेचे सुमारे ३०० रक्षक नदीतून पडावांवर आणले. कामगारांनी त्यांना शरण यायला लावले. मग गव्हर्नरने राज्याचे साडेआठ हजार सैनिक पाठवले आणि संघटना मोडली. खासगी फौज हरली, पण मालक जिंकला. सरकारी बळ आपल्या बाजूने उभे राहणार असेल तर श्रीमंताला स्वतःचे सैन्य हवेच कशाला?

आपल्याकडे २००९ च्या दुरुस्तीने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल पैसे मोजणाऱ्या खासगी उद्योगांनाही मिळू लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंबानी कुटुंबाला त्यांच्याच खर्चाने देश-विदेशात झेड प्लस सुरक्षा देण्याचा आदेश दिला. हे सारे कायदेशीर आहे. म्हणूनच ते उघडपणे तपासले गेले पाहिजे: किती जवान, कुणाच्या दारी, कोणत्या निकषावर, याची चर्चा दरवर्षी संसदेत व्हायला हवी.

कायदा सैल सुटला की काय होते, हे प्रिन्स यांच्याच कंपनीने दाखवले. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ‘ब्लॅकवॉटर’च्या रक्षकांनी गोळीबार केला. सतरा इराकी नागरिक मारले गेले. त्यांत मुलेही होती. हे रक्षक अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या कंत्राटावर होते. चौघांना अमेरिकी न्यायालयाने दोषी ठरवले. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली.