बाळंतपणानंतरचा तास

दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असते. बाळ बाहेर येते, मागोमाग वार सुटते आणि ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. या क्षणासाठी शरीराने एकच सोय करून ठेवली आहे. गर्भाशयाचे स्नायू घट्ट आवळतात, त्यांच्या आडव्यातिडव्या विणीत रक्तवाहिन्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबते. बहुतेक बायकांच्या बाबतीत हे आपोआप घडते. ज्यांच्या बाबतीत घडत नाही, ज्यांची पिशवी सैलच राहते, त्यांच्यापाशी वेळ फार थोडा असतो. धडधाकट बाईसुद्धा उपचारांवाचून दोन-तीन तासांत दगावू शकते. अंगात आधीच रक्त कमी असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही.

प्रसूतीनंतरचा हा रक्तस्राव आपल्याकडे मातामृत्यूंचे सर्वांत मोठे कारण राहिला आहे. २००१ ते २००३ या काळातल्या देशव्यापी पाहणीत ३८ टक्के मातामृत्यू रक्तस्रावाने झाल्याचे आढळले होते. त्यानंतर पुष्कळ बदलले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातली ९५ टक्क्यांच्या जवळपास बाळंतपणे आता दवाखान्यात होतात. एक लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २०१८ ते २०२० या काळात देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. गावोगावच्या आशाताईंनी, एएनएम भगिनींनी आणि रात्री-अपरात्री धावणाऱ्या रुग्णवाहिकांनी हे घडवले आहे. या यशामुळेच प्रश्न आता पुढे सरकला आहे. बाई दवाखान्यात पोहोचली. पण बाळंत झाल्यावरच्या पहिल्या तासात तिच्याकडे कोण बघते, काय बघते आणि कधी हालचाल करते?

लेबर रूममधला तो तास नेहमीच गडबडीचा असतो. बाळ रडले का, वजन किती भरले, वार पूर्ण पडली का, टाके घालायचे का, बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना कोण सांगणार, अशी अनेक कामे एकाच वेळी चालू असतात. रक्त मात्र चादरीत, पॅडमध्ये, खालच्या बादलीत, जमिनीवर सांडत राहते, त्यात गर्भजलही मिसळलेले असते. ते किती गेले हे पिढ्यान्पिढ्या डोळ्यांनीच ठरवले गेले आहे. 'जरा जास्त जातंय' हे त्यावरचे मोजमाप. आणि अनुभवी डोळासुद्धा इथे फसतो. तो जवळजवळ नेहमीच कमी मोजतो. त्यात बाळंतीण तरुण असते. तिचे शरीर बराच काळ तग धरते, आधी नाडी वाढते आणि रक्तदाब पडेपर्यंत एक-दीड लिटर रक्त निघून गेलेले असू शकते. बीपी पडल्यावर सुरू झालेली धावपळ म्हणूनच उशिराची धावपळ असते.

या प्रश्नाला मिळालेले एक सरळ उत्तर बेळगावात घडले आहे. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसह २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या ग्रामीण भागात एक अभ्यास केला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना प्रसूतीनंतर लगेच गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना औषध नसलेल्या गोळ्या. देणाऱ्या होत्या एएनएम. गोळ्या मिळालेल्या गटात अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष आले आणि फ्रिजची गरज नसलेल्या या स्वस्त गोळीला २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत याच कामासाठी जागा मिळाली.

पण त्या अभ्यासात गोळीइतकीच मोलाची आणखी एक वस्तू होती. किती रक्त गेले हे खात्रीने कळल्याशिवाय गोळी लागू पडली की नाही हे सांगता येत नव्हते. म्हणून बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायची प्लास्टिकची एक शीट तयार केली गेली. तिच्या खालच्या टोकाला निमुळती पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. रक्त आपोआप तिथे गोळा होते आणि आकडा समोर दिसतो. डोळ्यांचा अंदाज आणि ही पिशवी यांची तुलना केली तेव्हा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. एक तृतीयांश म्हणजे कितीदा तरी वेळेवर सुरू होणारा उपचार आणि न होणारा उपचार यांतला फरक.

अशा शीटचे खरे सामर्थ्य २०२३ मध्ये जगापुढे आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक प्रसूतींमध्ये 'ई-मोटिव्ह' नावाची चाचणी झाली. निम्म्या रुग्णालयांत नेहमीची पद्धत चालू राहिली. उरलेल्यांत खुणांची शीट आली आणि सोबत एक नियम आला: रक्त ठरलेल्या खुणेला पोहोचले की गर्भाशयाला मालिश, गर्भाशय आवळणारे औषध, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून सलाइन आणि रक्त कुठून जाते आहे याची तपासणी ही पाचही कामे एकेकाची वाट न पाहता एकत्र सुरू करायची. नेहमीच्या पद्धतीत निम्मेच अतिरक्तस्राव वेळेत ओळखले जात होते, नव्या पद्धतीत ९३ टक्के ओळखले गेले. एक लिटर किंवा जास्त रक्त जाणे, रक्तस्रावासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू, या गंभीर परिणामांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. यातले एकही औषध नवे नव्हते. नवे होते ते मोजणे आणि मोजल्याबरोबर हात चालवणे. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ५०० मिलिलिटरची वाट पाहू नका, ३०० मिलिलिटरलाच नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला तर उपचार सुरू करा, असा सल्ला दिला.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची हकिकत तर मन हेलावणारी आहे. जपानच्या उताको ओकामोतो यांनी पती शोसुके यांच्यासह १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे औषध शोधले. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचाव्यात हीच त्यांची इच्छा होती, पण त्यासाठी चाचणी करायला प्रसूतितज्ज्ञ तयार झाले नाहीत. अखेर २१ देशांतल्या २० हजार स्त्रियांवर ती चाचणी झाली. तीन तासांच्या आत औषध दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ओकामोतो त्याच्या आदल्याच वर्षी, ९८ व्या वर्षी वारल्या होत्या. उपचाराला दर १५ मिनिटे उशीर झाला की त्याचा लाभ सुमारे १० टक्क्यांनी घटतो, हेही पुढच्या विश्लेषणात दिसले.

म्हणूनच पहिला निर्णय कोणाचा, हा प्रश्न कळीचा ठरतो. पहिल्या तासात बाळंतिणीच्या उशापायथ्याशी बहुतेक वेळा सिस्टर असते, डॉक्टर नव्हे. शीटवरचा आकडा तिला दिसतो, गार पडत चाललेला हात तिच्याच हातात असतो. 'मॅडम येऊ देत, मग बघू' या वाक्यात जी मिनिटे जातात, ती परत मिळत नाहीत. खुणेला रक्त पोहोचताच डॉक्टरांना हाक मारता मारता पहिले उपचार सुरू करण्याचा लेखी अधिकार आणि त्याचा वारंवार सराव प्रत्येक लेबर रूममधल्या परिचारिकेला मिळाला पाहिजे. हुद्द्याची उतरंड बाळंतिणीच्या जिवापेक्षा मोठी असू शकत नाही.

औषध आहे, पण ते जिवंत आहे का, हेही पाहावे लागते. गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. उन्हाळ्यात वीज गेलेल्या ग्रामीण रुग्णालयात ते नुसते बाटलीत उरते, त्याचा गुण उरत नाही. याच औषधाच्या दुभत्या जनावरांवरील गैरवापराचे कारण देऊन २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांच्या उत्पादनावर बंदी आणली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बाळंतिणीच्या औषधाचा पुरवठा इतक्या सहज धोक्यात येऊ शकतो, हे तेव्हा दिसले.

आणि या तासाची तयारी नऊ महिने आधीच सुरू होते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीनुसार देशातल्या निम्म्याहून अधिक आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ४५ टक्के गर्भवती स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा स्त्रियांना बाळंतपणानंतर लगेच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देऊन रक्तस्राव टाळता येतो का, हेही १५ हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये तपासले गेले. २०२३ मधले उत्तर 'नाही' असे होते. ॲनिमियाला आडवाट नाही. लोहाच्या गोळ्या, गरज पडल्यास शिरेतून लोह, आणि त्याआधी मुलीच्या ताटात पुरेसे अन्न, हाच मार्ग आहे. डोहाळजेवणाला पाच-पंचवीस माणसे जमतात. त्यांतल्या एकानेही तिचे हिमोग्लोबिन विचारलेले नसते.

दुसरी तयारी सिझेरियनच्या निर्णयात असते. गरज असताना केलेले सिझेरियन आई आणि बाळ दोघांना वाचवते, त्याबद्दल शंका नको. पण देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने आणि सरकारी रुग्णालयांत १४ टक्के, हा फरक केवळ बायकांच्या प्रकृतीतला असू शकत नाही. सिझेरियनच्या व्रणावर पुढच्या खेपेला वार रुजली तर ती गर्भाशयात खोल शिरू शकते, आणि मग होणारा रक्तस्राव प्रसंगी गर्भाशय काढूनच थांबवावा लागतो. आज अकारण घातलेला छेद काही वर्षांनी त्याच बाईच्या जिवावर उठू शकतो.

शेवटी, मृत्यू झालाच तर त्यातून शिकायचे की फक्त माणूस धरायचा? केरळमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून मातामृत्यूंचा गोपनीय आढावा सुरू केला. नावे झाकून, दोष न देता, कुठे काय चुकले याचा शोध घेतला. रक्तस्राव हे मुख्य कारण पुढे आल्यावर तो रोखण्याचे निकष ठरवले. त्याच राज्याचा मातामृत्यूदर २०१८ ते २०२० मध्ये १९ होता, देशात सर्वांत कमी. याउलट २०२२ मध्ये राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक बाळंतीण गेली, जमाव जमला, डॉक्टरवर खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि त्या डॉक्टर बाईंनी स्वतःचे जीवन संपवले. दोन घरे उद्ध्वस्त झाली आणि पुढची बाळंतीण वाचेल असे काहीही हाती लागले नाही. धास्तावलेला डॉक्टर जोखमीची बाई लगेच पुढे पाठवतो आणि ती वाटेत दगावते. निष्काळजीपणाला जाब विचारलाच पाहिजे; पण प्रत्येक मृत्यू हा गुन्हा मानला तर चूक सांगणारे कोणी उरणार नाही.

सरकारी लेबर रूमसाठी 'लक्ष्य' आणि खासगी रुग्णालयांसाठी 'मान्यता' असे दर्जाचे कार्यक्रम आपल्याकडे आहेत. त्यांची पाटी भिंतीवर आहे की नाही एवढ्यावर न थांबता आपण काही प्रश्न विचारू शकतो. घरात कोणी गर्भवती असेल तर सातव्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन आणि रक्तगट पाहा. जिथे नाव घातले आहे तिथे विचारा: रात्री रक्त लागले तर कुठून आणि किती वेळात येते? बाळंतपणानंतर गेलेले रक्त मोजतात का? पहिल्या दोन तासांत नाडी आणि रक्तदाब किती वेळाने पाहतात? सिझेरियन सांगितले तर ते कशासाठी? हे विचारण्यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात. आणि बाळ पाहायला सगळे घर धावते तेव्हा घरातल्या एका माणसाने आईपाशी थांबावे. ती फिकी दिसली, घाबरली, तिला घाम सुटला, कपडा पुन्हा पुन्हा भिजू लागला, तर कोणाला काय वाटेल याचा विचार न करता सिस्टरला हाक मारा.