धावणारा आधी की धावणं?

२००० सालच्या लंडन मॅरेथॉनमध्ये एक पगडीधारी शीख गृहस्थ धावले. पासपोर्टवर त्यांची जन्मतारीख होती १ एप्रिल १९११. म्हणजे वय एकोणनव्वद. ४२.१९५ किलोमीटरचं अंतर त्यांनी ६ तास ५४ मिनिटांत पार केलं. जालंधरजवळच्या ब्यास पिंडचे शेतकरी फौजा सिंग यांची ही पहिली मॅरेथॉन. लहानपणी त्यांचे पाय इतके अशक्त होते, की पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना चालताच येत नव्हतं. तरुणपणी हौसेनं थोडंफार धावले असतील, पण ते सुटून अर्धं शतक उलटलं होतं. पत्नी गेली, १९९४ मध्ये अपघातात मुलगा गेला. दुसऱ्या मुलाकडे इंग्लंडला राहायला आल्यावर दुःखानं मन खायला उठायचं, त्यातून सुटका म्हणून त्यांनी पायांत बूट घातले. पुढे २०११ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी टोरंटोची मॅरेथॉन ८ तास ११ मिनिटांत पूर्ण केली. जुलै २०२५ मध्ये गावाजवळच्या रस्त्यावर वाहनाची धडक बसून त्यांचं निधन झालं.

ही हकिकत प्रेरणेसाठी सांगितली जाते आणि ती प्रेरणा देतेही. पण तिच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. ऐंशी उलटल्यावर पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात करणाऱ्या माणसाकडे धावण्याची पात्रता आली कुठून? कृतीच्या आधी पात्रता लागते, की कृतीतूनच ती येते?

हा प्रश्न फक्त पंडितांचा नाही. पाऊस ओसरला आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची चर्चा सुरू झाली, की तो घरोघरी वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. ‘आधी पाच-सात किलो वजन उतरवतो, मग धावायला लागतो.’ ‘माझा स्टॅमिनाच नाही हो.’ ‘धावणं हे धावणाऱ्यांचं काम, आपलं नाही.’ या सगळ्यांत एकच गृहीत आहे: धावणारा म्हणून कुणी वेगळा माणूस असतो, आधी तसं व्हावं लागतं आणि मगच धावण्याचा हक्क मिळतो.

या गृहीताला मोठा आधार आहे, तो हसण्यावारी नेता येणार नाही. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याच्या आरंभीच शंकराचार्य विचारतात, की ब्रह्मविचाराला बसण्याआधी माणसाजवळ काय असायला हवं? त्यांचं उत्तर चार अंगांचं आहे. नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक, भोगांविषयी वैराग्य, शम-दमादी सहा गुणांची संपत्ती आणि मोक्षाची तीव्र ओढ. एवढं असेल तर पुढचं पाऊल टाकायचं. ज्ञानाच्या वाटेवर ही अट त्यांना अत्यावश्यक वाटली, कारण तयारी नसलेल्या मनात शब्द पडतात आणि तसेच वाहून जातात.

ॲरिस्टॉटलनं मात्र उलट टोकाकडून सुरुवात केली. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तो म्हणतो, घरं बांधूनच माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवूनच वादक होतो, आणि न्यायाची कृत्यं करून न्यायी होतो. लगेच तो स्वतःच आक्षेप घेतो: जो न्यायी नाही तो न्यायाचं कृत्य करणार कसा? ते करता आलं म्हणजे तो आधीच न्यायी झाला नाही का? त्याचं उत्तर असं, की नवख्याची आणि मुरलेल्याची कृती बाहेरून सारखी दिसली तरी आतून सारखी नसते. नवखा दुसऱ्याच्या सांगण्यावरून, चाचपडत करतो. मुरलेला जाणून करतो, त्या कृतीसाठीच ती निवडतो आणि स्थिर स्वभावातून करतो. चाचपडण्यातूनच तो स्वभाव घडतो. तिथं पोचायला दुसरा रस्ता नाही.

हे चाचपडणं जवळून पाहावं. जॉश क्लार्क या अमेरिकी तरुणानं १९९६ मध्ये, पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईलाही जमावा असा, नऊ आठवड्यांचा एक क्रम आखला. तोच आज ‘काउच टू फाइव्ह के’ म्हणून जगभर माहीत आहे. आठवड्यातले तीनच दिवस. पहिल्या दिवशी पाच मिनिटं झपझप चालायचं. मग ६० सेकंद हळू धावायचं आणि ९० सेकंद चालायचं, असं आठ वेळा. सगळं मिळून धावणं जेमतेम आठ मिनिटांचं. तरी पहिल्या साठ सेकंदांतल्या चाळिसाव्या सेकंदाला नवख्याचा श्वास छातीत मावत नाही, पोटऱ्या ताठरतात, नजर सारखी घड्याळावर जाते. बहुतेकांची चूक एकच: ते धावत नाहीत, पळत सुटतात. मुलांच्या शर्यतीतला वेग शरीराच्या आठवणीत असतो, तोच बाहेर येतो. शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या संथपणे धावायला सांगितलं, तर ते धावणंच नव्हे असं त्यांना वाटतं. खरं तर हृदय आणि फुप्फुसं ज्या वेगात घडतात तो हाच वेग.

आता त्या ६० सेकंदांत तो माणूस कोण असतो? धावणारा, की धावू पाहणारा?

नागार्जुनानं साधारण दुसऱ्या शतकात हाच प्रश्न अंगावर घेतला. ‘मूलमध्यमककारिके’ची सत्तावीस प्रकरणं, त्यातलं दुसरं सबंध प्रकरण गतीवर आहे. तो विचारतो, जाणं कुठे घडतं? जो रस्ता चालून झाला तिथं जाणं संपलेलं आहे. जो अजून चालायचा आहे तिथं ते सुरूच झालेलं नाही. आणि सध्या जो चालला जातो आहे म्हणावं, तर त्याला तसं म्हणायला आधी जाणं गृहीत धरावं लागतं. मग जाण्याचा आरंभ कुठे सापडणार? जाणाऱ्याचंही तेच. जाण्यावाचून जाणारा नाही, जाणाऱ्यावाचून जाणं नाही. दोघांतला कुणीही आधी येऊन दुसऱ्याची वाट पाहत थांबलेला नाही. दोघं एकमेकांच्या आधारानंच उभे राहतात.

नागार्जुनाला यातून सगळ्या वस्तूंची स्वभावशून्यता दाखवायची होती, मैदानावर येऊ पाहणाऱ्यांना सल्ला द्यायचा नव्हता. तरी त्याच्या युक्तिवादानं नवख्याच्या मनावरचं ओझं उतरतं. ॲरिस्टॉटल म्हणतो कृतीतून कर्ता घडतो. नागार्जुन त्याही पलीकडे जातो. धावणारेपण ही आधी मिळवायची आणि मग बाळगायची वस्तूच नाही. त्या ६० सेकंदांत नवखा पूर्णपणे धावणारा असतो, कुठल्याही ऑलिंपिक धावपटूपेक्षा कणभरही कमी नाही. वेग कमी असेल, दम कमी असेल, पण धावणं आणि धावणारा यांचं नातं दोघांच्या बाबतीत एकच आहे. म्हणून प्रवेशद्वारावर कुणी पात्रता तपासू शकत नाही. तसंच, एकदा मिळालं म्हणून हे धावणारेपण पेटीत ठेवून जपताही येत नाही. ते परवा पुन्हा धावल्यावरच पुन्हा असेल.

परवा पुन्हा धावता यायला हवं, ही गोष्ट इथं मोलाची ठरते. विनयपिटकातल्या महावग्गात सोण कोळिविसाची कथा आहे. चंपानगरीच्या श्रीमंत घरातला हा तरुण इतका नाजूक, की त्याच्या तळव्यांवर लव होती म्हणे. भिक्षू झाल्यावर राजगृहाच्या सीतवनात तो इतक्या ईर्षेनं चंक्रमण करू लागला, की पायांची कातडी सोलवटली आणि येरझाऱ्यांची वाट रक्तानं माखली. एवढं करूनही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. बुद्धांनी त्याला तो पूर्वी वाजवत असलेल्या वीणेबद्दल विचारलं. तारा फार ताणल्या तर स्वर नीट लागतो का? फार सैल सोडल्या तर? सोण म्हणाला, नाही. मग प्रयत्नाचंही तसंच आहे, असं त्यांनी समजावलं: अति ताणला तर चित्त अस्वस्थ होतं, सैल पडला तर आळस चढतो. ही शिकवण पुष्कळांना माहीत असते. त्यापुढचा तपशील कमी लोकांना ठाऊक असतो. बुद्धांनी सोणाला पादत्राण वापरायची मुभा दिली. एकट्यासाठी सवलत नको, असं तो म्हणाला, तेव्हा एकपदरी तळव्याचं पादत्राण सगळ्या संघाला मंजूर झालं. साधनेच्या चर्चेत पायांची काळजी अशी थेट येते, कारण ज्याच्या तळव्यांतून रक्त वाहतंय तो उद्या चालू शकणार नाही.

शरीरशास्त्र याला आज आपल्या भाषेत दुजोरा देतं. धावायला लागल्यावर रक्तद्रवाचं प्रमाण पहिल्या दोन आठवड्यांतच वाढतं, दम लवकर सुधारतो. स्नायू काही आठवड्यांत सरावतात. कंडरा आणि हाडं मात्र सावकाश बदलतात. हाडावर नवा ताण आला, की तिथला जुना भाग आधी काढून टाकला जातो आणि नवा नंतर भरला जातो, त्या भरणीला काही महिने लागतात. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात नवख्याला वाटतं, आता मी कितीही धावेन, आणि नेमकी तेव्हाच नडगी दुखू लागते. दम पुढे गेलेला असतो, हाडं मागे राहिलेली असतात. विश्रांतीचे दिवस म्हणजे सरावातला खंड नाही; हाडं भरण्याचं काम त्याच दिवसांत चालतं. चाळिशी उलटलेल्यानं, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यानं सुरुवातीलाच डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. धावताना छातीत दुखलं किंवा घेरी आली, तर तिथंच थांबावं आणि लगेच डॉक्टरांना गाठावं.

सातत्य टिकवायचे दोन मार्ग धर्मपरंपरांमध्ये दिसतात. एक जपानमधल्या हिएई पर्वतावरचा. तेन्दाई पंथातले काही भिक्षू सात वर्षांत हजार दिवसांची परिक्रमा करतात. पहिली तीन वर्षं, दर वर्षी शंभर दिवस, रोज सुमारे तीस किलोमीटर. सातव्या वर्षी काही काळ हेच अंतर रोज ८४ किलोमीटरवर जातं. पांढरी वस्त्रं, गवताच्या वहाणा आणि कमरेला दोरी व सुरी, कारण व्रत मोडलं तर जीव द्यायचा असा जुना दंडक. १८८५ पासून पन्नासांहून कमी जणांनी हे पूर्ण केलं. युसाई साकाई या भिक्षूनं ते दोनदा केलं. इथं निवड कठोर आहे आणि परत फिरण्याची मुभा पहिल्या शंभर दिवसांपुरतीच.

दुसरा मार्ग आळंदीहून पंढरपूरकडे जातो. अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात, वाट सुमारे वीस दिवसांची. सोबत सत्तरीच्या आजी असतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका असतात, पहिल्यांदाच आलेली कॉलेजची मुलं असतात. दिंडीत कुणी कुणाची क्षमता तपासत नाही. वेळापूरच्या अलीकडे उतारावर ‘धावा’ होतो, तेव्हा सगळे विठ्ठलाच्या ओढीनं धावत सुटतात. पहिला कोण आला हे कुणी पाहत नाही. तरी ही वाट सैल नाही. वारी धरणारा ती एकदा करून सोडत नाही, ती आयुष्यभराची असते. एखाद्या वर्षी आजारपण आलं, घरात कुणी गेलं, पेरणी लांबली आणि जाणं झालं नाही, तर पुढच्या आषाढात पुन्हा निघायचं. कठोरपणा इथंही आहे, फक्त तो परत येण्यात आहे. नवख्या धावणाऱ्याला यातली दुसरी वाट जवळची आहे. हिएईच्या भिक्षूविषयी अपार आदर वाटतो, पण त्याचं व्रत मोडण्याला जागाच ठेवत नाही, आणि नोकरी-संसार सांभाळून धावणाऱ्याच्या आयुष्यात खंड पडणार हे ठरलेलंच आहे.

खंडाची ही भीती अर्जुनालाही होती. गीतेच्या सहाव्या अध्यायात, चंचल मन अभ्यासानं आणि वैराग्यानं आवरता येतं हे ऐकल्यावर तो विचारतो, की श्रद्धेनं निघालेला पण मध्येच ढळलेला माणूस दोन्हीकडून तुटतो का, फुटलेल्या ढगासारखा विरून जातो का? कृष्णाचं उत्तर निःसंदिग्ध आहे. अशा माणसाचा नाश होत नाही. तो जिथं थांबला होता तिथला संस्कार घेऊनच पुढे उभा राहतो, आणि पूर्वीचा अभ्यासच त्याला ओढून नेतो. त्याच अध्यायात खाणं, झोप आणि कामं बेताची असावीत हेही सांगितलं आहे.

धावण्याच्या क्रमात याचं व्यावहारिक रूप अगदी साधं आहे. पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी क्लार्कचा क्रम पहिल्यांदा सलग वीस मिनिटं धावायला सांगतो, आणि पुष्कळांचं पाऊल तिथं अडतं. कुणी बाराव्या मिनिटाला थांबतं, कुणी तापानं तीन आठवडे अंथरुणाला खिळतं. दम थोडा उतरलेला असतो, पण माणूस शून्यावर गेलेला नसतो. अडलेल्यानं तोच आठवडा पुन्हा करावा. तापातून उठलेल्यानं दोन आठवडे मागचं पान काढावं, पाच मिनिटं झपझप चालावं आणि बोलता येईल अशा वेगानं पुढची ९० सेकंदं धावावीत.