कुंभार आणि कोळी

जगाचा कर्ता जगाची मातीही स्वतःच उत्पन्न करतो, की अगोदर असलेल्या मातीला केवळ आकार देतो, हा आपल्या दर्शनकारांचा जुना आणि अद्याप न मिटलेला वाद आहे. नैयायिकांचा ईश्वर कुंभारासारखा. परमाणू त्याच्याइतकेच अनादी असल्यामुळे त्याची मुखत्यारी ते जुळविण्यापुरतीच. उलट वेदान्त्यांनी मुंडकोपनिषदातील कोळ्याचा दृष्टान्त घेऊन, जो विणतो तोच सूतही आपल्या देहातून काढतो, म्हणजे निमित्तकारण व उपादानकारण एकच, असा सिद्धान्त मांडला. विद्युत्संगीतात ध्वनी घडविणे हेच खरे कर्तृत्व, की घडलेल्या ध्वनींची रचना करणे, हा तंटा पाहताना मला हाच वाद नव्या वेषात उभा राहिलेला दिसतो.

पूर्वीचा रचनाकार निःसंशय कुंभार होता. बंदिश बांधणाऱ्याने तंबोऱ्याची जवारी स्वतः लावली असेल, पण भोपळा काही त्याने पिकविलेला नसे. १९४८ साली पॅरिसच्या नभोवाणीवरील अभियंता प्येर शेफेर याने बातिन्योल स्थानकातील आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर टिपून त्यांची रचना केली, तेव्हा त्यानेही माती जगाकडूनच घेतली होती. मात्र घंटानादातील आघाताचा आरंभक्षण वगळून उरलेला नाद ऐकला, तर तो घंटेचा म्हणून ओळखूच येत नाही, हे त्याला प्रयोगाअंती कळले, आणि मातीचे नामरूपही सुटू शकते याची प्रचीती आली.

कोळी होण्याची आकांक्षा धरली ती कोलोनच्या नभोवाणीत. तेथे १९५४ साली कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन याने आपला दुसरा ‘अभ्यास’ रचताना कोणतेही वाद्य जवळ केले नाही, सप्तकाचीही मुभा घेतली नाही. पाचपट कंपनसंख्येच्या अंतराचे पंचवीस समान भाग पाडून त्याने एक्याऐंशी कंपनसंख्यांची स्वतःची श्रेणी सिद्ध केली, आणि विद्युद्यंत्रातून निघालेल्या, ज्यांत दुसऱ्या स्वराचा लेशही नाही अशा शुद्ध स्वरांतून पाच-पाच स्वर घेऊन नवे ध्वनी घडविले. परंतु ते घडविण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. फितीचे पाच तुकडे एकापुढे एक सांधून तो ते एका प्रतिध्वनिकक्षात वाजवी आणि भिंतींवरून परतलेला अनुनाद तेवढा टिपून घेई. सूत त्याचे होते. पण ते एकजीव केले त्या खोलीतील हवेने, जी त्याने निर्मिलेली नव्हती. पूर्ण कोळी होण्याचा दावा मनुष्याला कोठे सोडावा लागतो, हे मला या खोलीइतके स्पष्ट अन्यत्र दिसलेले नाही.

पुढे १९६० साली पुरी झालेल्या ‘कोन्टाक्टे’त त्याने एक स्वर खाली खाली आणीत असा उलगडला की स्वर संपून सुटे ठोके उरावेत. कंपने शीघ्र असली तर आपण त्यांना स्वर म्हणतो, मंद झाली तर लय. मग ध्वनी म्हणजे सूक्ष्म काळातील रचना आणि रचना म्हणजे विस्तीर्ण काळातील ध्वनी, असे म्हणून वाद निकालात काढावासा वाटतो. मी तसे म्हणणार नाही. कारण ध्वनी घडविणाऱ्याची आणि रचनाकाराची मनोवृत्ती काळाच्या बाबतीत अगदी भिन्न असते. शेफेरची सुई तबकडीच्या मिटलेल्या चरीत तोच आवाज फिरून फिरून उठवी. आज संगणकापुढे बसलेला तरुणही चार मात्रांचे आवर्तन रात्रभर फिरवीत ठेवून त्याची झळाळी वाढवीत राहतो. ती साधना खरी आहे, तिला मी कमी लेखीत नाही. पण त्या आवर्तनात ध्वनीला मरण नाही. रचना सुरू होते ती, हा ध्वनी आता संपेल आणि परतणार नाही, याला मनाने संमती दिली म्हणजे.

शेफेर आणि प्येर आंरी यांच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या एलियान रादिग या विदुषीचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. एकाच विद्युद्यंत्रावर, ‘आर्प २५००’ वर, तिने वर्षानुवर्षे ध्वनी इतक्या मंद गतीने बदलत नेले की बदल घडताना कळू नये, घडून गेल्यावर कळावा. मध्यंतरी तिबेटी बौद्ध साधनेसाठी तिने संगीत सोडले, आणि गुरूच्या सांगण्यावरूनच ती त्याकडे परतली. ‘मृत्युत्रयी’ हा जवळजवळ तीन तासांचा ग्रंथच म्हणावा असा संगीतप्रबंध तिने नंतर सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९८८ सालचा. १९८९ मध्ये तिचा पुत्र ईव्ह अपघातात गेला. दुसरा खंड त्या वियोगानंतरचा. तो कैलासाची मनोमन केलेली परिक्रमा आहे, आणि तिच्यात प्रत्येक नाद पुढच्या नादाला वाट देत हळूहळू विरून जातो.